थर्मल पेस्ट की थर्मल पॅड?
संगणक दुरुस्ती करणाऱ्या बांधवांसाठी

२९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील पहिला आधार क्रमांक नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या शहादा तालुक्यातील गावी देण्यात आला. त्यानंतर या जिल्ह्यात दाखले, शिष्यवृत्ती, रेशन, बँक अशी एकेक कामे संगणकावर गेली. आज सातपुड्याच्या कुशीतील काठी, मोलगी या बाजूलाही सेवा केंद्रात किंवा आश्रमशाळेत संगणक असतो. तो बंद पडला तर गावात दुरुस्ती होत नाही. यंत्र गोणपाटात गुंडाळून, जीपच्या टपावर टाकून घाट उतरवावे लागते आणि अक्कलकुवा, तळोदा किंवा नंदुरबार गाठावे लागते. गिऱ्हाइकाचा दिवस मोडतो, भाडे जाते आणि केंद्राचे काम थांबते ते वेगळेच.

या दुरुस्तीच्या धंद्यात आपले अनेक बांधव आहेत आणि नवे तरुणही येत आहेत. अक्कलकुव्याच्या जामिया इस्लामिया इशाअतुल उलूममध्ये दीनी शिक्षणाबरोबर आयटीआयचेही शिक्षण मिळते. हातात हुनर असलेल्या तरुणाला थोड्या भांडवलात हा व्यवसाय सुरू करता येतो. मात्र त्यातील एक लहानसे काम असे आहे की ते नीट न समजता केले तर सगळी मेहनत वाया जाते. ते म्हणजे प्रोसेसर आणि त्यावरील हीटसिंक यांच्यामध्ये काय भरावे, पेस्ट की पॅड?

मधल्या फटीचे शास्त्र

प्रोसेसरचा वरचा पत्रा आणि हीटसिंकचा तळ हे दोन्ही डोळ्यांना सपाट दिसतात, पण ते पूर्ण सपाट नसतात. दोहोंवर बारीक खाचा असतात आणि त्या खाचांत हवा अडकते. हवेतून उष्णता फार कमी जाते. उष्णता वाहून नेण्याच्या मापात हवेचा आकडा सुमारे ०.०२६ आहे, तर तांब्याचा सुमारे ४००. म्हणजे तांबे हवेपेक्षा पंधरा हजार पट सरस. चांगल्या पेस्टचा आकडा ४ च्या पुढे असतो. पेस्ट हवेपेक्षा दीडशे पट चांगली, पण तांब्यापेक्षा शंभर पट वाईट.

यातूनच पहिला नियम निघतो. पेस्ट ही हवा हटवण्यासाठी आहे, थर देण्यासाठी नाही. ती जितकी पातळ बसेल तितके चांगले. जास्त पेस्ट लावली म्हणजे जास्त थंडावा, असे समजणारे उलटेच काम करीत असतात.

जुन्या रेडिओ-अॅम्प्लिफायर कारागिरांना ही गोष्ट नवी नाही. मशिदीच्या लाउडस्पीकरच्या अॅम्प्लिफायरमध्ये २एन ३०५५ सारखा पॉवर ट्रान्झिस्टर बसवताना खाली मायकाची चकती आणि तिच्या दोन्ही अंगांना पांढरी पेस्ट लावली जात असे. त्या ट्रान्झिस्टरच्या धातूच्या कवचातच वीज असते. ती हीटसिंकला लागू नये म्हणून मायका आणि उष्णता जावी म्हणून पेस्ट, अशी दोन कामे दोन वस्तू करीत. आजचा सिलिकॉनचा थर्मल पॅड ही दोन्ही कामे एकटा करतो आणि वर जाड फटही भरून काढतो. त्याची जागा तिथेच आहे.

हिशेब करून पाहू

कोणताही व्यापारी हिशेबाशिवाय माल घेत नाही. आपणही हिशेब करू. समजा, प्रोसेसर ६५ वॅटचा आहे आणि त्याच्या वरच्या पत्र्याचा आकार ३ सेंटिमीटर बाय ३ सेंटिमीटर आहे.

१ मिलिमीटर जाडीचा, ३ आकड्याचा साधा पॅड लावला तर नुसत्या पॅडमध्ये सुमारे २४ अंश तापमान वाढते. ०.५ मिलिमीटरचा, ६ आकड्याचा महाग पॅड लावला तर सुमारे ६ अंश. पेस्टचा थर दाबाखाली ०.०५ मिलिमीटर इतका पातळ होतो असे धरले, तर ४ आकड्याच्या पेस्टमध्ये १ अंशही वाढत नाही. अगदी १ आकड्याची स्वस्त पेस्ट घेतली तरी साडेतीन अंशांच्या आसपास. प्रत्यक्षात पृष्ठभाग तंतोतंत जुळत नसल्याने प्रत्येक आकड्यात थोडी भर पडते, पण प्रमाण हेच राहते.

या हिशेबातून एक मोठी गोष्ट कळते. महाग पेस्ट आणि स्वस्त पेस्ट यांतला फरक दोन-तीन अंशांचा, पण प्रोसेसरवर पेस्टऐवजी साधा पॅड लावला तर फरक वीस अंशांहून अधिक. म्हणून पेस्टच्या ब्रँडवर वाद घालण्याआधी योग्य जागी योग्य वस्तू लावली आहे की नाही, ते पाहावे.

जानेवारीचे काम मे महिन्यात उघडे पडते

आता यात आपल्या भागातील हवामान मिळवा. हिवाळ्यात दुकानात २२ अंश आहेत. पेटीतील हवा ६ अंशांनी गरम, हीटसिंक तिच्याहून २६ अंशांनी गरम, म्हणजे ५४. त्यावर पॅडचे २४ मिळवले तर प्रोसेसर ७८ अंशांवर. संगणक चालू होतो, गिऱ्हाईक पैसे देऊन खुशीने जातो.

काठीची होळी झाली की उन्हाळा चढू लागतो. एप्रिल-मेमध्ये नंदुरबार, शहादा, तळोद्याच्या पट्ट्यात पारा ४० च्या वर असतो. दुकानात ४२ अंश धरले, तर तोच प्रोसेसर ९८ अंशांवर जातो. बहुतेक इंटेल प्रोसेसरची सीमा १०० अंशांच्या आसपास असते आणि एएमडीच्या अनेक प्रोसेसरची ९५ च्या. सीमा जवळ आली की प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो आणि तरीही तापला तर यंत्र बंद पडते. गिऱ्हाईक म्हणतो, संगणक फार हळू झाला, दुपारी आपोआप बंद होतो. तोवर दुरुस्ती होऊन चार महिने झालेले असतात आणि दोष व्हायरसवर, विजेवर किंवा नशिबावर टाकला जातो. तिथे पेस्ट असती तर तोच प्रोसेसर ७७ अंशांच्या आसपास राहिला असता.

कुठे काय लावावे

डेस्कटॉप संगणकाचा प्रोसेसर : येथे पेस्टच. हीटसिंक स्क्रूने किंवा क्लिपने घट्ट दाबला जातो, दोन्ही पृष्ठभाग जवळजवळ सपाट असतात आणि फट केसाहून बारीक असते. पॅडला येथे जागाच नाही.

लॅपटॉपचा प्रोसेसर : येथेही पेस्ट, पण जरा घट्ट जातीची. लॅपटॉपच्या चिपवर सहसा पत्रा नसतो. चिप तापते, थंड होते, पुन्हा तापते आणि या आकुंचन-प्रसरणात पातळ पेस्ट हळूहळू कडेला ढकलली जाते. यासाठी आता वितळणारा पॅडही मिळतो. हनीवेल कंपनीचा पीटीएम ७९५० हा त्यातील प्रसिद्ध प्रकार. तो साध्या तापमानाला पातळ चकतीसारखा असतो, सुमारे ४५ अंशांना मऊ होऊन पेस्टसारखा पातळ पसरतो आणि सहजी बाहेर ढकलला जात नाही. नावाने पॅड असला तरी कामाने तो पेस्टच्या घरातला. जे यंत्र डोंगरात परत जाणार आणि वर्षानुवर्षे उघडले जाणार नाही, त्याला हा चांगला. बाजारात त्याची नक्कलही असते, म्हणून खात्रीच्या व्यापाऱ्याकडूनच घ्यावा.

ग्राफिक कार्डची मेमरी, मदरबोर्डवरील वीजपुरवठ्याचे भाग, एसएसडी : येथे पॅड. या भागांची उंची सारखी नसते आणि हीटसिंकपर्यंत अर्धा ते तीन मिलिमीटर फट असते. ती पेस्टने भरता येत नाही. काही जण जुने पॅड फाटले की तिथे पेस्टचा गोळा लावतात. तो टिकत नाही आणि मेमरी जळते.

पॅड बदलताना जाडी हाच खरा प्रश्न असतो. जुना पॅड मध्ये दबलेला असतो, म्हणून जाडी न दबलेल्या कडेवर मोजावी. १ मिलिमीटरच्या जागी १.५ चा पॅड घातला तर मेमरीला थंडावा मिळतो, पण हीटसिंक वर उचलला जातो आणि मुख्य चिपवर फट पडते. मग कारागीर पेस्ट बदलत बसतो आणि दोष मात्र शेजारच्या पॅडमध्ये असतो. जुळणी झाल्यावर एकदा उघडून ठसा पाहावा. चिपवर पेस्ट सारखी पसरलेली आणि पॅडवर भागांची खूण उमटलेली दिसली पाहिजे.

द्रवरूप धातू : हा पेस्टहून सरस असला तरी आपल्या रोजच्या कामात टाळावा. त्यातील गॅलियम अॅल्युमिनियम खाऊन टाकते आणि आपल्याकडे येणारे बरेचसे हीटसिंक अॅल्युमिनियमचे असतात. शिवाय त्यातून वीज वाहते. एक थेंब बोर्डावर सांडला तर बोर्ड गेला.

काम करण्याची रीत

आधी धूळ काढा आणि पंखा फिरतो का ते पाहा. पुष्कळदा दोष तेवढाच असतो आणि पेस्ट बदलण्याचे पैसे घेण्याची गरजच नसते.

हीटसिंक काढण्यापूर्वी यंत्र पाच-दहा मिनिटे चालवावे, म्हणजे सुकलेली पेस्ट मऊ होते. नंतर वीज काढून, हीटसिंक हलकेच डावी-उजवीकडे फिरवून मग उचलावा. ज्या एएमडी प्रोसेसरच्या पिना प्रोसेसरलाच असतात, तो सरळ ओढल्यास हीटसिंकबरोबर सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात.

जुनी पेस्ट सुती कापडाने आणि आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसावी. हे इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारे सफाईचे रसायन आहे. ते पेट घेते, म्हणून जवळ सोल्डरिंग गन किंवा विडी-सिगारेट नको.

डेस्कटॉप प्रोसेसरवर मधोमध तुरीच्या दाण्याएवढी पेस्ट ठेवून हीटसिंक सरळ खाली दाबावा आणि स्क्रू कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात असे थोडे थोडे आवळावे. चार ग्रॅमच्या नळीत दहा-बारा प्रोसेसर सहज होतात. टूथपेस्ट किंवा बेअरिंगचे ग्रीस कदापि लावू नये. एकदा दबलेली पेस्ट पुन्हा वापरू नये. नव्या पॅडच्या दोन्ही बाजूंचे प्लॅस्टिकचे पातळ आवरण काढायचे राहून जाते, त्याकडे लक्ष ठेवावे.

झाकलेला माल

या कामाची एक गोष्ट इतर कामांहून वेगळी आहे. हीटसिंक बसला की आत काय लावले ते कोणालाच दिसत नाही. चांगली पेस्ट लावली म्हणून पैसे घेऊन डबीतील सुकलेली पेस्ट लावली, किंवा पेस्ट संपली म्हणून हाताशी असलेला पॅड कापून बसवला, तर गिऱ्हाइकाला कळण्याचा मार्ग नाही.

प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जात असता धान्याच्या एका राशीत त्यांनी हात घातला, तेव्हा आतले धान्य ओले लागले. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले. त्यावर ओला भाग लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाही, असे त्यांनी विचारले आणि फसवणूक करणाऱ्याशी आपला संबंध नाही, असे बजावले. ही हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. हीटसिंकखालची पेस्ट ही आपल्या धंद्यातील राशीच्या आतले धान्य आहे. मोजमापात खोट करणाऱ्यांना कुरआनने दिलेला इशाराही आपण जाणतोच. इथे माप डोळ्यांना दिसत नाही, म्हणून जबाबदारी अधिक.

यावर सोपा उपाय आहे. कोअर टेम्पसारखे मोफत सॉफ्टवेअर घालून दुरुस्तीपूर्वी आणि दुरुस्तीनंतर यंत्र पंधरा मिनिटे कामाला लावावे आणि दोन्ही वेळचे प्रोसेसरचे तापमान तसेच दुकानातील तापमान बिलावर लिहावे. काय लावले तेही लिहावे. दुकानातील तापमान लिहिलेले असले की हिवाळ्यातच उन्हाळ्याचा अंदाज येतो. बाहेर जितके अंश वाढतील, साधारण तितकेच आत वाढतात. थंडीत ७८ दिसले तर मेमध्ये काय होईल हे तेव्हाच कळते आणि यंत्र गिऱ्हाइकाच्या हाती जाण्याआधी सुधारता येते.

या कामात पेस्टचा खर्च थोडा आणि वेळ अर्ध्या तासाचा. पण काठीहून आलेल्या माणसाला त्याच कामासाठी दुसऱ्यांदा घाट उतरावा लागला नाही, तर तो पुढचे यंत्र आपल्याकडेच आणील आणि गावातील इतरांनाही आपल्याच दुकानाचा पत्ता सांगेल. हलाल रोजीतील बरकत अशीच येते, इन्शाअल्लाह.