यकृत, साखर आणि सुई

कला शाखेच्या विद्यार्थिनीने यकृतावर लेख लिहावा हे काहींना चमत्कारिक वाटेल. माझा विषय भूगोल. परंतु गेल्या वर्षी मधुमेह आणि कावीळ ह्या दोन शब्दांनी आमच्या घरात जो गोंधळ घातला, तो निस्तरताना मला बरेच वाचावे आणि विचारावे लागले. त्यातले जे मला नीट उमगले तेवढेच येथे मांडते.

माझ्या आत्याला सात वर्षांपासून मधुमेह आहे. अंगाने किरकोळ, दिवसभर रानात राबणारी बाई. तिला साखर कशी झाली ह्याचे भावकीला नवल वाटले आणि त्याचे उत्तरही भावकीनेच शोधून काढले: चहात दोन चमचे साखर घालते म्हणून! तेव्हापासून तिच्या कपावर पहारा बसला. गेल्या वर्षी मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेपूर्वी तिचे रक्त तपासले, तेव्हा त्यात हिपॅटायटिस सी ह्या रोगाचा विषाणू आढळला. हिपॅटायटिस म्हणजे यकृताचा दाह. आपण ज्याला कावीळ म्हणतो त्याच कुळातला. पण आत्याला कावीळ झाल्याचे कोणालाच आठवेना. "डोळं पिवळं न्हाईत, मंग कावीळ कसली?" असे आजी म्हणाली. जिल्ह्याच्या रुग्णालयातील डॉक्टरबाई मात्र कागद चाळता चाळता म्हणाल्या, "ही दोन दुखणी एकमेकींना ओळखतात." हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना.

प्रथम आजीच्या प्रश्नाचे उत्तर. खेड्यात पावसाळ्यात जी कावीळ येते ती बहुधा 'ए' किंवा 'ई' विषाणूची असते. ती दूषित पाण्यातून येते, डोळे पिवळे करते आणि बहुतेकांच्या बाबतीत काही आठवड्यांत निघून जाते. 'बी' आणि 'सी' हे विषाणू रक्तावाटे येतात. 'बी' आईकडून बाळाला आणि शरीरसंबंधातूनही लागतो. सहा महिन्यांहून अधिक काळ शरीरात राहिले म्हणजे तो आजार जुनाट समजतात. 'सी'चा विषाणू वीस-पंचवीस वर्षेसुद्धा एका शब्दाची वर्दी न देता यकृतात मुक्काम ठोकून राहतो. तो पिवळेपणा दाखवीलच असे नाही.

आता साखरेकडे वळू. मधुमेह म्हटला की आपण स्वादुपिंड आणि इन्शुलिन आठवतो. यकृताचे नाव कोणी घेत नाही. क्लोद बर्नार ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1848 साली यकृतात साखर तयार होते हे दाखविले आणि 1857 साली तेथे साठविलेला ग्लायकोजेन हा पदार्थ वेगळा काढला. आपल्या भाषेत सांगावयाचे तर यकृत हे शरीराचे पेव आहे. जेवणानंतर आलेली साखर ते भरून ठेवते आणि रात्री, उपाशीपोटी, लागेल तशी बाहेर काढते. केव्हा भरायचे आणि केव्हा थांबायचे, हा हुकूम इन्शुलिनचा.

'सी'चा विषाणू नेमका ह्या हुकुमाच्या आड येतो. त्याच्या गाभ्यातील एक प्रथिन यकृताच्या पेशीत इन्शुलिनचा निरोप पोहोचविणारी साखळी तोडते. शिवाय दाहामुळे शरीर जी द्रव्ये सोडते, तीही त्या निरोपाला अडथळा करतात. परिणाम असा की रक्तात साखर भरपूर असतानाही पेव उघडेच राहते. स्वादुपिंड बिचारे अधिकाधिक इन्शुलिन सोडीत राहते आणि ज्याची मुळात तेवढी ताकद नाही ते शेवटी थकते. जपानमधील संशोधकांनी 2004 साली हे उंदरांवर दाखविले. विषाणूच्या ह्या एकाच प्रथिनाची जनुके घातलेल्या उंदरांत इन्शुलिनचा परिणाम मंदावला. आणि त्यांना चरबीयुक्त खाद्य दिल्यावर उघड मधुमेह झाला. म्हणजे एकटा विषाणू पुरेसा नाही, पण तो जमीन नांगरून ठेवतो. अमेरिकेतील मोठ्या आरोग्य-पाहणीवरून 2000 साली असे प्रसिद्ध झाले की चाळिशीपुढील लोकांत ज्यांना 'सी'ची लागण आहे त्यांच्यात मधुमेहाचे प्रमाण इतरांच्या तिपटीहून अधिक आहे. 'बी'च्या बाबतीत हे नाते इतके स्पष्ट नाही. मात्र विषाणू कोणताही असो, यकृत आक्रसून कठीण झाले की साखरेचा हिशेब बिघडतोच. उलट बाजूनेही तसेच: मधुमेह असेल तर यकृत लवकर कठीण होत जाते आणि त्याच्या कर्करोगाचा धोकाही वाढतो.

तेव्हा चहातले ते दोन चमचे! आत्याला साखर नेमकी कशाने झाली हे छातीठोकपणे कोणी सांगणार नाही, पण सगळा दोष तिच्या कपावर घातला हे काही न्यायाचे झाले नाही.

हा विषाणू तिच्या अंगात आला कोठून? 1991 साली बाळंतपणात तिला दोन बाटल्या रक्त चढविले होते. त्यापूर्वी दोनच वर्षे, 1989 मध्ये, हा विषाणू ओळखला गेला होता. तोवर त्याला 'ए नव्हे, बी नव्हे' असेच म्हणत. ह्या शोधाबद्दल ऑल्टर, हॉटन आणि राइस ह्यांना 2020 चे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या रक्तपेढ्यांत तेव्हा त्याची तपासणी होत नसे. पण रक्ताइतकाच संशय मला सुईचा येतो. आमच्याकडे आठवडी बाजाराच्या दिवशी 'सुई' घेतल्याशिवाय औषध घेतल्यासारखे कोणाला वाटत नसे, आणि एक सुई कितीजणांना फिरली हे कोणी मोजले आहे?

सुईने एका अख्ख्या देशाचे काय होते ते मला इजिप्तच्या अभ्यासात सापडले, आणि येथे माझा भूगोल कामास आला. नाईलच्या खोऱ्यात बारमाही कालवे झाले, कालव्यांत गोगलगायी वाढल्या आणि त्यांच्यामार्फत बिल्हार्झिया हा कृमिरोग शेतकऱ्यांत पसरला. अरब जगाचा लाडका गायक अब्देल हलीम हाफेज 1977 साली यकृताच्या ज्या विकाराने गेला, त्याचे मूळ लहानपणच्या बिल्हार्झियातच होते. ह्या रोगावर सरकारने मोहीम काढली ती सद्हेतूनेच. 1950 नंतर तीस वर्षे गावोगाव अँटिमनीच्या औषधाची इंजेक्शने शिरेतून दिली गेली; एकेका रोग्याला अनेक. काचेच्या पिचकाऱ्या पुन्हा पुन्हा वापरीत आणि त्या नीट उकळल्या जात नसत. पुढे गोळी निघाली आणि इंजेक्शने थांबली, पण 'सी'चा विषाणू घरोघर पोहोचला होता. 2008 च्या पाहणीत 15 ते 59 वयाच्या दर शंभरांत सुमारे पंधरा जणांच्या रक्तात त्याच्या खुणा होत्या.

ह्याच देशाने पुढे जे केले ते अधिक मोलाचे. विषाणू मारणारी नवी गोळी अमेरिकेत 84,000 डॉलरला एक उपचार अशी विकली जात असता इजिप्तने घासाघीस करून 2014 साली ती सुमारे 900 डॉलरला मिळविली, आणि पुढे स्वतःच्या कारखान्यांत त्याहून कितीतरी स्वस्तात तयार केली. ऑक्टोबर 2018 ते एप्रिल 2019 ह्या सात महिन्यांत सुमारे पाच कोटी लोकांची तपासणी झाली. त्या तपासणीत 'सी'बरोबर त्याच वेळी रक्तातील साखर, रक्तदाब आणि वजनही पाहिले जाई. डॉक्टरबाईंचे ते वाक्य एका सरकारने मोहीम काढून अमलात आणले, असे मला हे वाचताना वाटले.

आपल्याकडे 28 जुलै 2018 रोजी राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि 'बी' व 'सी'ची तपासणी व औषधे सरकारी रुग्णालयांत विनामूल्य मिळू लागली. आत्याला बारा आठवडे गोळ्या दिल्या. ह्या गोळ्यांनी शंभरांत पंचाण्णवांहून अधिक लोकांचा विषाणू कायमचा जातो, तिचाही गेला. पण सातव्या आठवड्यात एक प्रकार घडला. ती दुपारी रानात थरथरू लागली, घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली. आम्ही नव्या गोळ्यांना शिव्या घातल्या. रुग्णालयात कळले की साखर खाली उतरली होती! विषाणू हटला की यकृत पुन्हा इन्शुलिनचे ऐकू लागते, आणि मधुमेहाची जुनी मात्रा मग जास्त होते. म्हणून ह्या उपचारात साखर वरचेवर तपासावी लागते. आम्हांला तसे सांगितलेही असेल, आमच्या लक्षात राहिले नाही. आत्याचा मधुमेह संपला असे मात्र नाही. दोन गोळ्यांची एक झाली, एवढेच.

आता आमच्याच घरातली गोष्ट. साखर तपासावयाचे यंत्र गल्लीत एकच होते. आत्या, माझे वडील आणि शेजारचे एक काका असे तिघे एकाच पेनाने बोट टोचीत. सुई महाग म्हणून ती आठवडाभर चाले. रक्ताचा डोळ्यांना न दिसणारा अंशही विषाणूला पुरतो; 'बी' तर कोरड्या पृष्ठभागावरसुद्धा सात दिवस तग धरतो. अशाच टोचण्यामुळे अमेरिकेतील वृद्धाश्रमांत मधुमेह्यांना 'बी'ची लागण झाली, आणि तेथे 2011 मध्ये साठीच्या आतील प्रौढ मधुमेह्यांना 'बी'ची लस द्यावी अशी शिफारस झाली. आपल्या देशात सर्व राज्यांतील बाळांना ही लस मिळू लागली तीही 2011 च्या सुमारास. माझ्या वर्गातील सगळ्यांचा जन्म त्यापूर्वीचा आहे, तेव्हा ती आपल्याला मिळाली आहे की नाही हे ज्याने त्याने घरी विचारावे. 'सी'वर लस अद्याप नाही.

आत्याचे निदान झाल्यावर वडिलांना मी जवळजवळ ओढतच तपासणीला नेले. कागद हातात पडेपर्यंतचे दोन दिवस मला अभ्यास सुचला नाही. कागदावर दोन्ही विषाणू 'नाही' असे लिहून आले. आता प्रत्येकाची सुई वेगळी आहे. शेजारचे काका अजून तपासायला गेलेले नाहीत. कावीळ कधी झालीच नाही, तर कशाला, असे ते म्हणतात.