राखणदार चुकला तर

धान निसवले की रात्री बांदीवर राखण करावी लागते. माळ्यावरचा राखणदार गोफण घेऊन रानडुकरे हाकलतो. पण अंधारात त्याने घरच्याच बैलाला डुक्कर समजून गोटा मारला तर? नुकसान आपलेच. आपल्या शरीरातही कधी कधी असे घडते.

गळ्यात पुढच्या बाजूला फुलपाखरासारखी एक ग्रंथी असते. तिला थायरॉइड म्हणतात. अन्नातले आयोडीन घेऊन ती एक रस तयार करते. त्या रसाने अंगात ऊब राहते, कामाला हुरूप येतो, मुलांची वाढ होते.

रक्तात रोगजंतूंशी लढणारे राखणदार असतात. ते म्हणजे पांढऱ्या पेशी आणि त्यांनी तयार केलेली प्रतिपिंडे. हे राखणदार चुकून थायरॉइडलाच शत्रू समजले, तर ग्रंथी हळूहळू पोखरली जाते. रस कमी पडतो. थकवा येतो, थंडी सोसत नाही, वजन वाढते, पाळी बिघडते. १९१२ साली हाशिमोतो या जपानी डॉक्टरांनी चार बायांच्या गळ्याच्या गाठी तपासून हा रोग दाखवून दिला. १९५६ साली लंडनच्या डॉक्टरांना अशा रोग्यांच्या रक्तात प्रतिपिंडे सापडली.

दुसरा प्रकार उलटा आहे. मेंदूखालची एक ग्रंथी थायरॉइडला 'रस कर' असा हुकूम पाठवते. काही प्रतिपिंडे त्या हुकमाची नक्कल करतात. खोट्या मुकादमाच्या हाकेने मजूर राबत राहावा, तशी थायरॉइड रस करीत सुटते. मग छाती धडधडते, हात कापतात, खाऊनही माणूस वाळतो. काहींचे डोळे बाहेर आल्यासारखे दिसतात. याची औषधे वेगळी असतात.

आमच्या शेजारची सून सारखी पेंगायची. घरचे म्हणत, "आळशी आहे." कोणी म्हणे, "करणी आहे." रक्त तपासले तेव्हा थायरॉइडचा रस कमी निघाला. रोज एक गोळी सुरू झाली. पुढच्या पावसाळ्यात ती सगळ्यांबरोबर रोवणीला होती.

ही गोळी राखणदाराची चूक सुधारत नाही. कमी पडलेला रस तेवढा भरून काढते. म्हणून बरे वाटले तरी ती आपल्या मनाने सोडू नये. सकाळी उपाशीपोटी घ्यावी. दिवस राहिले तर लगेच डॉक्टरांना सांगावे. रस कमी पडला तर पोटातल्या बाळाच्या मेंदूची वाढ खुंटू शकते.

आयोडीन कमी पडले तरी गळा सुजतो. म्हणून आयोडीनयुक्त मीठच वापरावे. पण राखणदारच चुकला असेल, तर जास्त मीठ खाऊन उपयोग नाही.

घरात कोणी अशी थकत असेल, तर तिला बोल लावू नका. आधी तिचे रक्त तपासून घ्या.