गिऱ्हाईक नसलेलं चित्र

गडहिंग्लज

चि. मृणाल हिस,


तुझा लांबलचक मेसेज वाचला. एवढं उत्तर मोबाइलवर टाइप करणं माझ्याच्यानं होत नाही, म्हणून हे पत्र.

जलरंगाच्या क्लासात सर अजून वॉशच गिरवून घेतात, ही तक्रार मी ऐकून घेणार नाही. सपाट वॉश, उतरता वॉश हे कंटाळवाणं आहे, कबूल. पण फळीला किती उतार द्यायचा, ब्रशात किती पाणी धरायचं, हे हाताला त्यातूनच कळतं. शाळेत इंटरमीजिएटच्या चित्रकला परीक्षेला ‘ए’ ग्रेड होती म्हणून यातून सुटका नाही. तिथं तू पोस्टर कलर वापरलेस. चुकलं की वर दुसरा थर द्यायचा. जलरंगात खालचं झाकलं जात नाही. पांढरं हवं तिथं कागद आधीच सोडावा लागतो. रंकाळ्याच्या पाण्यावरची चमक कुठं ठेवायची, हे पहिला ब्रश टेकायच्या आधी ठरलेलं असावं लागतं.

रंग मळतात ते का, हे मात्र तुझ्या स्टेटसवरच्या चित्रांत स्पष्ट दिसतंय. थर वाळायच्या आत तू पुन्हा ब्रश लावतेस. कारण रविवारचं चित्र रविवारीच लोकांना दाखवायचं असतं. मला खरं बोलायचंय ते यावरच.

कोल्हापूर हे चित्रकारांचं गाव, पण त्यातल्या बहुतेकांना गिऱ्हाईक होतं. आनंदराव आणि बाबूराव पेंटर यांनी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले. प्रयोगाची तारीख काही त्यांच्या सोयीनं ठरत नसणार. आबालाल रहिमान तर शाहू महाराजांच्या दरबारचे चित्रकार. तू बँकेत नोकरी करतेस, चित्रावर तुझी चूल अवलंबून नाही. कागद बिघडवायची जी चैन त्या मोठ्या माणसांना क्वचितच मिळाली असेल, ती तुला फुकट मिळाली आहे. आणि तू काय केलंस? स्टेटस बघणाऱ्या शे-दोनशे लोकांना स्वतःहून गिऱ्हाईक करून घेतलंस. ते सोड. वर्षभर एकही चित्र कुणाला दाखवू नकोस. सरांची गोष्ट वेगळी.

सरांवरून आठवलं. आपल्याकडं बऱ्याच क्लासात सर शेवटी विद्यार्थ्याच्या चित्रावर ‘हात फिरवतात’. चित्र उठून दिसतं, आईवडील खूश होतात, पण शिकणारा तिथंच राहतो. तुझ्या सरांनी ब्रश उचलला, तर शेजारी कोरा तुकडा ठेव आणि अदबीनं म्हण, “सर, यावर दाखवाल का?” चांगला शिक्षक रागवत नाही.

आता कागद. छंदच तर आहे म्हणून तू साधी ड्रॉइंग वही वापरतेस. ती पाण्यानं फुगते, डबकी साचतात आणि दोष तू स्वतःच्या हाताला देतेस. 300 जीएसएमचा, 22 बाय 30 इंची मोठा कागद घे आणि त्याचे आठ तुकडे कर. साडेसात बाय अकराचा तुकडा अभ्यासाला भरपूर झाला. मागची बाजूही वापर. रंगांचा चोवीसचा डबा नको. अल्ट्रामरीन, बर्न्ट सिएना, यलो ऑकर, क्रिमझन आणि एक लिंबू पिवळा, एवढं बास. काळी ट्यूब घरातच ठेव. अल्ट्रामरीनमध्ये बर्न्ट सिएना मिसळ. पावसाळी ढगाचा करडा हुबेहूब मिळतो, शिवाय अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत बसून त्याला पोत येतो.

आणि पावसाळ्याला नावं ठेवू नकोस. कागद लवकर वाळत नाही ही अडचण खरी, पण आभाळ रंगवायला शिकावं ते याच दिवसांत. ओला कागद चमकतो, तोवर रंगात रंग सोडायला हरकत नाही. चमक गेली की हात मागं. त्या अर्धवट ओलीवर पाण्याचा ब्रश लागला, तर कोबीच्या गड्ड्यासारखा डाग फुटतो आणि तो निघत नाही. कागदाला हाताची मागची बाजू लावून बघ. गार लागला तर आत अजून ओल आहे.

जलरंग म्हणजे शाळकरी काम, असं तुझ्या ऑफिसात कुणी म्हणालं म्हणे. त्याला सा. ल. हळदणकरांचं नाव सांग. सावंतवाडीचा हा माणूस. त्यांची हातात दिवा घेतलेली बाई म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. लोक ते चित्र राजा रविवर्म्याचं समजतात, तैलरंग समजतात. आहे ते जलरंग. बोटांच्या फटींतून झिरपणारा तो लाल उजेड पातळ, पारदर्शक थरांनी आणलाय. त्यासाठी उभी राहिलेली त्यांची मुलगी गीता उपळेकर कोल्हापुरातच राहत होत्या. 2018 साली, शंभरी ओलांडून, त्या गेल्या.

मोबाइलवरचे व्हिडिओ बघ, नको म्हणत नाही. नक्कल करूनही हात बसतो. फक्त त्याखाली सही करू नकोस. पण व्हिडिओत तासाचं वाळणं दोन सेकंदांत उरकतं, म्हणून खरी चित्रं जवळून बघायची सवय लाव. टाउन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात आबालालांची चित्रं आहेत. तुझ्या ऑफिसपासून चालत जाण्याइतकं जवळ, आणि अजून तू आत गेलेली नाहीस! राजारामपुरीत चंद्रकांत मांडरे यांचं संग्रहालय आहे; सिनेमातले चंद्रकांत निसर्गचित्रं कशी काढायचे तेही बघ. एका चित्रापुढं दहा मिनिटं उभी राहा आणि कुठला थर आधी दिला असेल, एवढंच शोध.

पुढच्या आठवड्यात एक दिवस अर्धी रजा टाक आणि टाउन हॉलला जाऊन ये. फक्त सोमवार नको, संग्रहालय बंद असतं.

तुझा,
मामा