रिफंडचा हिस्सा मागणारा सल्लागार

स्वतःची प्रॅक्टिस करणाऱ्या फिजिशियनला फॉर्म सोळा हातात आणून देणारं कोणी नसतं. सकाळी आपली ओपीडी, दुपारी दोन-तीन हॉस्पिटलांत व्हिजिट, रात्री-अपरात्री आयसीयूचा कॉल. पैसेही तसेच वेगवेगळ्या वाटांनी येतात: काही रोख, काही यूपीआयवर, काही हॉस्पिटलकडून टीडीएस कापून. या सगळ्याचा मेळ घालणारा माणूस आपल्याला हवा असतो, आणि तो निवडताना आपण बहुतेक वेळा एवढंच बघतो की शेजारच्या डॉक्टरांचं रिटर्न कोण भरतं. माझ्या बाबतीत पुढे जे झालं ते नव्याने प्रॅक्टिस सुरू करणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला माहीत असावं असं मला मनापासून वाटतं.

आमच्याकडच्या बऱ्याच डॉक्टरांची कामं एकाच करसल्लागाराकडे होती. त्यांची फी ठरलेली नव्हती. जेवढा रिफंड येईल त्यातला हिस्सा त्यांचा. जुलैत त्यांच्या ऑफिसातून फोन यायचा, "मॅडम, आधारचा ओटीपी आलाय, तेवढा सांगा." समोर पेशंट बसलेला असायचा. ओटीपी दिला की रिटर्नची पडताळणी पूर्ण होते, म्हणजे कायद्याच्या लेखी त्यावर माझी सही होते.

एका वर्षी रिफंड आलाच नाही. जानेवारीत मी दुसऱ्या सीएंकडे गेले. त्यांनी आधी मला पोर्टलवर लॉगिन करायला लावलं. प्रोफाइलमधला ईमेल आणि मोबाइल माझा नव्हताच, सल्लागाराच्या ऑफिसचा होता. रिटर्न सदोष असल्याची नोटीस त्याच ईमेलवर येऊन पडली होती. उत्तराची मुदत पंधरा दिवस. कोणी उत्तर दिलं नाही आणि रिटर्न अवैध ठरलं, म्हणजे भरलंच नाही असं धरलं गेलं. उशिराचं रिटर्न भरायची ३१ डिसेंबरची मुदतही तोवर उलटून गेली होती.

दोष साधा होता. हॉस्पिटल माझ्या एक लाख फीमधून १० टक्के टीडीएस कापतं आणि ९० हजार खात्यात टाकतं. सल्लागाराने बँक स्टेटमेंट बघून ९० हजारच जमा दाखवले आणि कापलेल्या दहा हजारांचं क्रेडिट मात्र पूर्ण मागितलं. फॉर्म २६एएसमध्ये, म्हणजे आपल्या नावावर कापलेल्या कराच्या विवरणपत्रात, एक लाख नोंदलेले असतात, त्यामुळे ही तफावत संगणकाने लगेच पकडली. दुसरी गोष्ट गंभीर होती. मी नावही न ऐकलेल्या एका राजकीय पक्षाला मी देणगी दिल्याचं दाखवून वजावट घेतली होती. आधीच्या वर्षीही तेच. त्या वर्षासाठी अद्ययावत रिटर्न भरून कर, व्याज आणि त्यावर २५ टक्के जादा कर भरला. अवैध ठरलेल्या रिटर्नसाठी उशीर माफ करावा म्हणून अर्ज केला आणि तो मंजूर होण्याची वाट बघत बसले. सल्लागाराचं नाव या कागदांवर कुठेच नव्हतं.

हे एकट्यादुकट्याचं दुखणं नाही. १४ जुलै २०२५ रोजी आयकर विभागाने महाराष्ट्रासह अनेक राज्यांत सुमारे दीडशे ठिकाणी तपासणी केली, ती अशाच खोट्या वजावटींच्या धंद्यासाठी. उत्पन्न चुकीचं दाखवलं असं ठरलं, तर दंड त्यावरच्या कराच्या दुपटीपर्यंत जातो आणि तो सही करणाऱ्याला बसतो.

म्हणून पहिली गोष्ट: आयकर पोर्टलवर ईमेल आणि मोबाइल स्वतःचाच ठेवा, पासवर्डही. रिटर्नचा मसुदा पीडीएफमध्ये मागवा. एकूण जमा, टीडीएस आणि वजावटी हे तीन आकडे २६एएस आणि वार्षिक माहिती विवरणपत्राशी, म्हणजे एआयएसशी, ताडून बघा. मगच ओटीपी द्या.

दुसरी गोष्ट अंदाजी करपद्धतीची, जुन्या कायद्यातल्या कलम ४४एडीएची. १ एप्रिल २०२६ पासून नवा कायदा आल्याने क्रमांक बदलले, योजना तीच आहे. वर्षाची जमा ५० लाखांपर्यंत असेल, तर निम्मी किंवा त्याहून जास्त रक्कम नफा म्हणून दाखवायची आणि हिशेबवह्या व ऑडिटमधून सुटायचं. रोखीची जमा एकूण जमेच्या ५ टक्क्यांच्या आत असेल, तर ही मर्यादा ७५ लाखांवर जाते. आता हिशेब करा. जमा ६० लाख असेल, तर रोख वर्षाला तीनच लाख चालते. पाचशे रुपये फी धरली तर सहाशे पेशंट. रोज पंचवीस जण रोख देत असतील, तर एका महिन्यात ही मर्यादा संपते. काउंटरवर क्यूआर कोड लावायचा निर्णय म्हणूनच एप्रिलमध्ये घ्यायचा असतो. ज्यांच्याकडे भाडं, पगार, मशिनचं कर्ज असं सगळं आहे त्यांचा खरा नफा निम्म्याहून कमी असू शकतो. त्यांनी वह्या ठेवून ऑडिट करून घेणंच बरं.

तिसरी, आगाऊ कर. अंदाजी पद्धत घेतलीत तर सगळा कर १५ मार्चपर्यंत. नाहीतर जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्चच्या १५ तारखेला चार हप्ते. चुकलं की महिन्याला एक टक्का व्याज.

चौथी गोष्ट फार जणांना माहीत नसते. रुग्णसेवेवर जीएसटी नाही. पण औषध कंपनीसाठी व्याख्यान देऊन मानधन घेतलं, तर ती रुग्णसेवा नव्हे. आणि नोंदणीची २० लाखांची मर्यादा मोजताना करमुक्त प्रॅक्टिसची जमाही धरली जाते. म्हणजे पंचवीस लाखांची प्रॅक्टिस असलेल्या डॉक्टरला थोड्याशा मानधनानेही नोंदणी लागू शकते. एखाद्या कंपनीने वर्षात २० हजारांहून अधिक किमतीचा प्रवास किंवा भेटवस्तू दिली, तर जुलै २०२२ पासून त्या किमतीवर १० टक्के टीडीएस आहे. तीही नोंद तुमच्या एआयएसमध्ये दिसते.

आता सल्लागार कसा निवडावा? चार्टर्ड अकाउंटंटना यशावर किंवा टक्केवारीवर फी घ्यायला त्यांच्या आचारसंहितेनेच मनाई आहे. त्यामुळे रिफंडमध्ये हिस्सा मागितला की तिथून उठावं. ऑडिट अहवालावर यूडीआयएन, म्हणजे त्या दस्तऐवजाचा स्वतंत्र ओळखक्रमांक असतो, तो चार्टर्ड अकाउंटंट्सच्या इन्स्टिट्यूटच्या संकेतस्थळावर पडताळता येतो. आणि पहिल्या भेटीत ते काय विचारतात ते ऐका. कोणकोणत्या हॉस्पिटलांत जाता, रोख किती, मशिन कधी घेतलं, औषध कंपनीकडून काही येतं का, स्टाफचा प्रोफेशन टॅक्स भरता का? हिस्टरी न घेता प्रिस्क्रिप्शन लिहिणाऱ्या डॉक्टरकडे आपण आपल्या माणसाला पाठवत नाही. इथेही तोच नियम लावा.

माझे आताचे सीए जूनमध्ये, डिसेंबरमध्ये आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात भेटायला बोलावतात. त्यांची फी आधीच्या सल्लागारापेक्षा जास्त आहे आणि ते कर एक रुपयानेही कमी दाखवत नाहीत. पण कायद्याने जेवढी वजावट माझी आहे, ती पावतीसकट मला मिळते. तरुण डॉक्टरांनी प्रॅक्टिसच्या पहिल्याच वर्षी असा माणूस शोधावा आणि त्याची फी क्लिनिकच्या भाड्याइतकीच आवश्यक समजून द्यावी.