पाचट पेटवलंस का?

कराड,
रविवार

चि. संग्राम यास,


काल मंडईत आपल्या भावकीतला एकजण भेटला. नाव सांगत नाही, उगाच तू त्याच्याशी बोलणं टाकशील. म्हणाला, "आक्का, भाचा तुमचा झटपट कामाचा हाय. ओढ्याकडच्या तुकड्यातला ऊस गेला आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काडी लावून रान मोकळं केलं बगा." कौतुकानं सांगत होता. मी भाजी न घेताच घरी आले. खरं आहे का हे? खोटं असेल तर पुढचं वाचू नकोस.

दिवाळीत त्याच रानाच्या माती परीक्षणाचा कागद तूच माझ्यापुढं धरला होतास. सेंद्रिय कर्ब 0.38. 0.40 च्या आत असला की 'कमी', हे मला तूच समजावून सांगितलंस आणि तोंड एवढंसं करून बसलास. त्या रानात एकरी तीन-चार टन पाचट फुकट पडलेलं असताना तू काडी लावलीस? शेणखताची ट्रॉली आज काय भावानं पडते, ते दादाला विचार. शेतकीचा डिप्लोमा केलेल्या पोरानं हे करावं!

राखेत पालाश राहतो म्हणशील. राहतो, पण कर्ब गेला आणि नत्रही बहुतेक सगळा धुरावाटे गेला. वरच्या थरातली गांडुळं, जिवाणू भाजले ते वेगळंच. आपल्याकडचं ऊनच असं आहे की जमिनीतला सेंद्रिय भाग तसाही भराभर सरतो. दरसाल परत घातला तरच टिकतो. त्यात आपलं कृष्णाकाठचं भारी रान. पाट फोडून पाणी सोडायच्या सवयीनं खालच्या शिवारात किती जमिनी क्षारपड झाल्या, ते तू शाळेच्या वाटेवर बघतच मोठा झालास. माती भुसभुशीत असली तर पाणी निचरतं. कर्ब संपला की ती दबून दगड होते.

अडचण मला कळत नाही असं नाही. पाचट असलं की सरीतून पाणी पुढं सरकत नाही, उंदीर होतात, आंतरमशागत करता येत नाही. पण म्हणून काडी? एकाआड एक सरीत पाचट ओढून घ्यायचं आणि मोकळ्या सरीतून पाणी द्यायचं. कुट्टीचं यंत्र भाड्यानं मिळतं. बुडखे धारदार कोयत्यानं जमिनीलगत छाटायचे, म्हणजे फुटवा खालून येतो. विद्यापीठाची शिफारस तुला तोंडपाठ असेल, तरी लिहिते: पाचटावर एकरी 32 किलो युरिया, 40 किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि 4 किलो कुजवणारं जिवाणू संवर्धन. युरिया चुकवू नकोस. वाळलं पाचट कुजवायला जिवाणूंना नत्र लागतो; आपण दिला नाही तर ते मातीतला ओढतात, खोडवा पिवळा पडतो आणि लोक पाचटाच्या नावानं बोटं मोडतात.

माझ्या नणंदेच्या रानात तीन खोडवे झाले, एकदाही काडी लागली नाही. श्रावणात मी तिथलं पाचट हातानं उचकटून बघितलं. वरचं कडकडीत वाळलेलं, पण खाली काळपट ओल. पाल्यापाल्यातून पांढऱ्या बुरशीचे धागे गेलेले आणि मातीवर गांडुळांनी टाकलेल्या बारीक गोळ्यांचा खच. ऊन मी म्हणत होतं आणि आत घातलेला हात गार पडला. तुला तेव्हाच बोलवायला हवं होतं.

आबांचा उकिरडा तू पाहिला नाहीस. तो माझ्यापायी बुजला, हे आपल्या घरात कुणी बोलून दाखवत नाही. मला बघायला पाहुणे येणार होते आणि परसात उकिरडा दिसतो याची मला लाज वाटली. हट्ट धरून बसले. आबा म्हणाले, पोरीचं कार्य होऊ दे, मग परत खणू. माझ्या लग्नाचा मांडव त्याच जागेवर पडला. परत कुणी खणला नाही, पुढं गुरंही एकेक करून गेली. पावसाआधी त्या खड्ड्यातलं खत गाड्या भरभरून ओढ्याकडच्या तुकड्यात जायचं. म्हणून त्याच तुकड्यात काडी पडली म्हटल्यावर मला झोप लागली नाही.

जास्त बोलले असेन. वहिनीचं ऑपरेशन, सोसायटीचं कर्ज, दादाचे गुडघे, त्यात ऊसतोड टोळीच्या मागं धावणं. सगळं तुझ्या एकट्याच्या अंगावर पडलंय. दमलेल्या माणसाला काडी सोपी वाटणारच. झालं ते झालं. जो खोडवा यंदा मोडशील, तिथं पावसाच्या तोंडावर ताग पेर. एकरी वीस-पंचवीस किलो बी लागेल, त्याचे पैसे मी देते, दादाला कळू देऊ नकोस. फुलावर आला की गाडून टाक, दीड महिन्याचा तर प्रश्न आहे. आणि वरच्या वावरातला ऊस अजून उभा आहे ना? त्याचं पाचट तरी राहू दे रे बाबा.

तो माणूस जाता जाता आणखी एक म्हणाला, ते मी मुद्दाम शेवटाला ठेवलं होतं. वारा फिरला आणि तुझा उजवा हात पोळला म्हणे. घरात कुणाला सांगितलंस की फुल शर्ट घालून हिंडतोयस? हळद, टूथपेस्ट असलं काही फासू नकोस. रान काय, दोन-चार वर्षांत सुधारेल. उद्या सकाळी आधी डॉक्टरला हात दाखव, धनुर्वाताचं इंजेक्शन घे आणि मला फोन कर.

तुझी,
आत्या