छाती लपवून चालणाऱ्या मुलांसाठी

आठवीत असताना माझ्या डाव्या स्तनाग्राखाली गाठ आली. सुपारीएवढी, घट्ट, शर्ट घासला तरी कळ यावी इतकी दुखरी. काही महिन्यांनी उजवीकडेही आली. आधी वाटलं कॅन्सर आहे, मग वाटलं आपण मुलगी होत चाललोय. विचारायचं कुणाला? मुलगी वयात येताना काय होतं हे आईला ठाऊक असतं. मुलाची छातीही भरू शकते, हे आमच्या घरात कुणी ऐकलेलंच नव्हतं.

वयात येणाऱ्या निम्म्याहून अधिक मुलांना कमीअधिक प्रमाणात हे होतं, हे तेव्हा मला एखाद्या मोठ्या माणसाने सांगितलं असतं तर माझी शाळेची वर्षं वेगळी गेली असती. मुलग्यांच्या शरीरातही इस्ट्रोजेन हे संप्रेरक असतंच. तेराचौदाच्या सुमारास ते आणि टेस्टोस्टेरॉन यांचा मेळ काही काळ बिघडतो आणि स्तनाग्रामागची ग्रंथी फुगते. डॉक्टर याला गायनेकोमास्टिया म्हणतात. तान्ह्या बाळांची छातीही आईच्या संप्रेरकांमुळे अशीच फुगते. ती पिळायची पद्धत अजून कुठे कुठे आहे. ती बंद व्हायलाच हवी, कारण त्याने तिथे पू होऊ शकतो. वयात येताना वाढलेली गाठ बहुतेक मुलांत सहा महिने ते दोन वर्षांत आपोआप विरते.

माझी विरली नाही. सोलापूरच्या उन्हाळ्यात मी शर्टाखाली दोन बनियन घालायचो. खांदे पुढे ओढून चालायची सवय लागली, ती पाठीला अजून चिकटून आहे. विहिरीवर पोहायला जाणं सोडलं. वर्गातली मुलं मागून येऊन छाती दाबायची आणि हसायची. पीटीच्या तासाला सरांनीच मला एक बायकी नाव ठेवलं होतं. ते नाव दहावीपर्यंत टिकलं. त्या हसण्याने माझं जेवढं नुकसान केलं, तेवढं त्या गाठींनी कधीच केलं नाही.

कॉलेजात जिम लावली. तिथल्या ट्रेनरने सांगितलं, चेस्ट मार, सगळं उतरेल. व्यायामाने चरबी उतरते, ग्रंथी नाही. खालचा स्नायू भरला आणि ग्रंथी आणखी पुढे आली. माझ्यासोबतच्या एका मुलाला तिथेच अंग भरायची इंजेक्शनं मिळाली. अशा इंजेक्शनांतल्या स्टेरॉइडचा काही भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्येच बदलतो. त्याची छाती आधी सपाट होती, ती त्यानंतर वाढली. म्हणून जिममधून मिळणाऱ्या बिननावाच्या गोळ्या, पावडरी, इंजेक्शनं मुलांनी घेऊ नयेत, हे मी अगदी हात जोडून सांगतो. छाती सपाट करणाऱ्या मलमांच्या जाहिरातींवरही पैसे घालवू नका.

शेवटी एका सर्जनकडे गेलो. त्यांनी छातीबरोबर अंडकोषही तपासले. मी ओशाळलो, पण ती तपासणी आवश्यकच असते: अंडकोषातली गाठ किंवा क्लाइनफेल्टरसारखी जन्मजात अवस्था कधी कधी छातीवाटेच पहिल्यांदा लक्षात येते. माझं सगळं ठीक निघालं. मात्र इतक्या वर्षांत ग्रंथी तंतुमय झाली होती, तिच्यावर गोळ्यांचा उपयोग नव्हता. स्तनाग्राच्या खालच्या कडेला छोटा छेद घेऊन ती काढली, पुढे काही आठवडे घट्ट बनियन वापरावं लागलं. ऑपरेशन सहसा वाढ पूर्ण झाल्यावरच करतात, कारण आधी केलं तर ग्रंथी पुन्हा वाढू शकते.

मुलगा एकाएकी सैल टी-शर्ट घालू लागला, पोहणं टाळू लागला, तर आईबाबांनी विषय आपणहून काढावा. ग्रंथी वाढली असेल तर मुलाला उताणं झोपवून स्तनाग्राच्या दोन्ही बाजूंनी बोटं आत आणली की मधोमध रबरासारखी चकती लागते. नुसती चरबी असेल तर तसं काही लागत नाही. एवढं पाहून मुलाला पुन्हा पुन्हा दाबू देऊ नका, दुखणं वाढतं. बालरोगतज्ज्ञांना एकदा दाखवावंच. वयात येण्याची इतर लक्षणं नसताना छाती वाढली, गाठ एका कडेला आणि कडक असली, स्तनाग्रातून स्राव आला, त्वचा आत ओढली गेली, वाढ फार झपाट्याने झाली किंवा अंडकोषात गाठ लागली, तर दिवस घालवू नका. बाकीच्यांना डॉक्टर बहुधा ‘काही महिन्यांनी पुन्हा दाखवा’ एवढंच सांगतील. तपासून झाल्यावर वाट पाहणं सोपं जातं. मी न तपासता पाहिली, आणि ती रात्ररात्र जागून पाहिली.

डॉक्टरांकडे जाताना, मुलगा घेत असलेल्या सगळ्या औषधांची नावं लिहून न्या, काही औषधांनीही छाती वाढते. आणि तपासणीच्या वेळी आपण खोलीत थांबायचं की बाहेर, हे त्यालाच विचारा.