रिकामे घरटे आणि खाणीचा परवाना

एखादा पक्षी कायद्याने संरक्षित झाला की त्याचे घरटेही कायमचे सुरक्षित झाले, असा आपला सर्वसाधारण समज असतो. अमेरिकेतील गरुडविषयक कायद्याचा अभ्यास केल्यास तो तपासून घ्यावा लागतो.

अमेरिकन काँग्रेसने १९४० साली पांढऱ्या डोक्याच्या गरुडाला संरक्षण दिले. १९६२ साली सोनेरी गरुडाचाही कायद्यात समावेश झाला. या पक्ष्यांना मारणे, पकडणे, उपद्रव देणे, त्यांची अंडी वा घरटी काढणे हे गुन्हे ठरले. परंतु पश्चिमेकडील राज्यांत सोनेरी गरुड बहुधा कड्यांवर घरटी बांधतो, आणि त्याच प्रदेशात कोळसा व इतर खनिजेही आहेत. म्हणून १९७८ च्या दुरुस्तीने, खनिज काढण्याच्या कामाला अडथळा होणारे सोनेरी गरुडाचे घरटे काढण्यास परवाना देण्याचा अधिकार शासनाला मिळाला. घरटे त्या वेळी वापरात नसावे, ही त्यातील मुख्य अट.

खरी मेख या अटीतच आहे. सोनेरी गरुडाच्या एका जोडीची आपल्या क्षेत्रात अनेकदा एकाहून अधिक घरटी असतात. यंदा एक, तर पुढे कधी दुसरे, अशी ती आलटून पालटून वापरली जातात. तेव्हा रिकामे घरटे म्हणजे सोडून दिलेले घरटे नव्हे. म्हणूनच जवळपास घरट्यास व शिकारीस योग्य जागा शिल्लक आहे काय, हेही अधिकाऱ्यांना पाहावे लागते.

२००९ च्या नियमांनी आणखी एक कसोटी आणली: परवाने देऊनही वीण करणाऱ्या जोड्यांची संख्या स्थिर राहावी किंवा वाढावी. सोनेरी गरुडाची मादी बहुधा दोनच अंडी घालते, आणि पिल्लू वयात येण्यास चार-पाच वर्षे लागतात. त्यामुळे झालेली हानी भरून येण्यास फार काळ जातो. हे ध्यानात घेऊन नुकसानभरपाईची अट घालतात. उदाहरणार्थ, ज्या विजेच्या खांबांवर गरुड धक्का बसून मरतात, ते खांब परवानाधारकाने सुरक्षित करून द्यावयाचे.

मात्र खांब दुरुस्त होतो, तसा खणून नाहीसा झालेला कडा परत उभा राहत नाही. म्हणून असा परवाना अभ्यासताना विद्यार्थ्यांनी तीन प्रश्न विचारावेत. घरटे रिकामे असल्याची पाहणी किती हंगाम झाली? जोडीला दुसरी जागा कोणती उरली? आणि त्याच परिसरात याआधी किती परवाने दिले गेले? प्रत्येक परवाना स्वतंत्रपणे पाहिला तर लहानच दिसतो. गरुडाला मात्र त्या सर्वांची बेरीज सोसावी लागते.